सत्ताविसावी रात्र आणि आपली बैठक

रमजान संपत आला की गटातल्या आपल्या मुस्लिम भगिनी बैठकीत पेंगुळलेल्या दिसतात. कारण ऐका. शेवटच्या २१, २३, २५, २७, २९ या रात्रींपैकी एक शब-ए-कद्र मानतात. कुराणात ती हजार महिन्यांहून श्रेष्ठ सांगितली आहे. म्हणजे ८३ वर्षं ४ महिने, हिशेब आपल्याला येतोच! नेमकी कोणती ते ठाऊक नाही, म्हणून पाचही जागायच्या. २७ वीचा मान मोठा. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून २६ वा रोजा सोडला की त्याच संध्याकाळी २७ वी रात्र लागते. हे लक्षात ठेवूनच तारीख धरा.

पुरुष मशिदीत एतेकाफला बसतात. बाया बहुधा घरीच, भांडी आवरून नमाज, कुराण, दुआ. पाळी असेल तर नमाज-रोजा नसतो, दुआ मात्र करता येते. आणि पहाटे सहरीचा स्वयंपाक आहेच, तो कुणाला चुकलाय?

तेव्हा त्या आठवड्यात बैठक सकाळी दहाला नको, दुपारी तीनला घ्या. गैरहजेरीचा दंड लावू नका. हप्ता आधी पोचला की झालं. चहा आपण प्यावा, तिला आग्रह नको.