एकच काळवीट, किती कायदे?



रब्बीची ज्वारी वीतभर वर आली आणि हरभऱ्याला फुटवे आले, की सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नज, मार्डी, वडाळा भागात एक तक्रार हमखास ऐकू येते : हरणं पीक ठेवत नाहीत. पहाटे माळावरून काळविटांचा कळप शिवारात उतरतो. पुढे पिळाच्या शिंगांचा काळा नर, मागे तांबूस माद्या आणि पाडसं. हरभऱ्याचे कोवळे शेंडे तेवढे खुडून कळप पुढे सरकतो. कुणी हाकललं, की उभ्या रानातून उड्या मारत पळतो, आणि खाण्यात गेलं नसेल तेवढं तुडवण्यात जातं. अशा वेळी पारावर प्रश्न निघतोच : बिहारात नीलगायी मारायला सरकारच परवानगी देतं, अमेरिकेत तर मका टाकून हरणं टिपतात, मग आमच्याच हातात बेड्या का?

प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्याचं उत्तर शोधू.

आधी अमेरिकेचं. तिथे रानातलं हरीण हा त्या-त्या राज्याचा ठेवा मानतात, आणि शिकारीचे नियम राज्यं आपापले करतात. टेक्सासमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी मालकीची. तिथे मक्याचं यंत्र बसवायचं, हरीण त्याच्याखाली आलं की मचाणावरून गोळी घालायची, याला मुभा आहे. मिनेसोटात आमिष टाकून हरणाची शिकार करायला बंदी आहे. हा फरक नुसत्या रिवाजाचा नाही. तिथल्या हरणांना मेंदू पोखरणारा एक रोग होतो. तो लाळेतून, मूत्रातून आणि मातीतूनही पसरतो, आणि त्यावर औषध नाही. एका ढिगावर वीस हरणांनी तोंडं घातली तर काय होईल, हे सांगायला नको. विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली हा रोग सापडला आणि तिथे आमिषावर निर्बंध आले. मिशिगननं २०१९ मध्ये आपल्या दक्षिणेकडच्या मोठ्या द्वीपकल्पात बंदी घातली. उलट अलाबामानं त्याच वर्षी स्वतंत्र परवाना काढून आमिषाला वाट करून दिली. जमीन कुणाची, रोग किती जवळ आला आणि शिकारीवर किती जणांचं पोट आहे, यावर तिथला कायदा ठरतो.

आपल्याकडेही एकेकाळी असंच होतं. सोलापूर इंग्रजी मुलखात, अक्कलकोट संस्थानात, तुळजापूर आणि नळदुर्ग निजामाकडे. काळवीट एका दौडीत सरकार बदलायचं. कोल्हापूरच्या दरबारात तर शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडत. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानं १९५१ साली वन्यप्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला. राज्यघटनेनं हा विषय राज्यांकडेच ठेवलेला होता. पण प्राणी घटत गेले, देशातला चित्ता तर संपलाच, आणि राज्याराज्याच्या वेगळ्या नियमांनी काही वाचणार नाही हे उमगलं. मग अकरा राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला अधिकार दिला आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. इतर राज्यांनी तो मागाहून स्वीकारला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं हा विषय समवर्ती सूचीत गेला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत आला.

या कायद्यातली शिकारीची व्याख्या ऐकण्यासारखी आहे. मारणं, विष घालणं, फास लावणं, सापळा लावणं, हाकारा घालणं आणि आमिष दाखवणं, हे सगळं शिकारच. तसा नुसता प्रयत्न केला तरी शिकारच. त्यामुळे टेक्सासमध्ये जे रविवारचं करमणुकीचं काम, ते इथे गोळी सुटण्याआधीच गुन्हा ठरतं. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे, शिवाय निदान पंचवीस हजारांचा दंड.

मग बिहारला सूट कशी मिळाली? कायद्यात दोन दारं आहेत. कमी संरक्षणाच्या यादीतला प्राणी उभ्या पिकाला घातक ठरला, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेले अधिकारी त्याला मारायची परवानगी देऊ शकतात. दुसरं दार केंद्राच्या हातात : ठरावीक भागापुरता, ठरावीक मुदतीपुरता एखादा प्राणी उपद्रवी जाहीर करायचा. त्याच दारानं २०१५ च्या डिसेंबरात बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर, पुढच्या वर्षी उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड उपद्रवी ठरलं. बिहारच्याच मोकामा भागात जून २०१६ मध्ये दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या गेल्या. केरळनं २०२२ मध्ये पहिल्या दारानं जाऊन रानडुकरांबाबतचा निर्णय स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवला. कायदा सगळीकडे तोच. फरक पडतो तो प्राण्याचा, पिकाचा आणि त्या राज्यानं लावलेल्या नेटाचा.

काळविटासाठी मात्र ही दोन्ही दारं बंद आहेत. ते माणसाच्या जिवावर उठलं किंवा बरं न होण्याइतकं जखमी वा आजारी झालं, तरच परवानगी. पीक खाल्लं हे कारण चालत नाही. मला हे योग्य वाटतं. एका जिल्ह्यानं सूट घेतली की शेजारचा मागणार, आणि कळपाला सीमा ठाऊक नसते. चित्त्याचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे.

पण या संरक्षणाची किंमत कोण मोजतं? १९७९ साली नान्नजच्या माळावरचा माळढोक पक्षी वाचावा म्हणून सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र होतं आठ हजारांहून अधिक चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, विहिरी आल्या, वहिवाटीच्या शेतजमिनी आल्या. पुढे ते साधारण बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. माळढोक विरळ होत गेला, काळवीट मात्र टिकलं. त्याच्या चाऱ्याचा भार दोन-चार एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्यानं उचलला. फासेपारध्यांसारख्या समाजाची पिढीजात शिकार बंद झाली, त्या बदल्यात हाताला काम देणं मात्र राहून गेलं. देशानं मिळून घेतलेल्या निर्णयाचा खर्च देशानं उचलायला हवा, असं मी ठामपणे म्हणतो. प्रत्यक्षात नुकसानभरपाईचे दर आणि रीत प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. खरी तफावत इथे आहे. अक्कलकोटच्या पलीकडे कर्नाटकाच्या हद्दीत तेच काळवीट तेच पीक खाईल, पण भरपाईचा हिशेब वेगळा होईल.

वैतागून कुणी कुंपणात वीज सोडतो, कुणी पिठात गावठी बॉम्ब लपवतो. त्यात बैल मरतात, रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारी मरतो. केरळात २०२० साली स्फोटकं भरलेल्या फळानं एका गाभण हत्तिणीचा जबडा फुटला. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका.

हरणांनी पीक खाल्लं, तर खुरांच्या खुणा आणि तुडवलेलं रान आहे तसं ठेवा, मोबाइलवर फोटो काढा, आणि तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात सातबाऱ्यासह लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच मागून घ्या. पंचनाम्याच्या वेळी स्वतः शेतात हजर राहा, आणि किती गुंठे गेलं हे लिहून झाल्याशिवाय सही करू नका.