सायबर हल्ला आणि सरकारचे तातडीचे अधिकार

परदेशातून सायबर धोका उद्भवला, तर केंद्र सरकार मुख्यतः माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चा आधार घेते. कलम ६९अ नुसार देशाची सुरक्षा किंवा सार्वभौमत्व धोक्यात असेल, तर संकेतस्थळ वा अ‍ॅप बंद करण्याचा आदेश देता येतो. एरवी आधी समिती तक्रार तपासते. परिस्थिती आणीबाणीची असेल, तर माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिव सुनावणीविना अंतरिम आदेश काढू शकतात; मात्र ४८ तासांत ते प्रकरण समितीपुढे ठेवावेच लागते. ही मुदत फार मोलाची आहे, कारण तिच्यामुळे घाईच्या निर्णयाचीही तपासणी होते. गलवान खोऱ्यातील भारत-चीन संघर्षानंतर, २९ जून २०२० रोजी ५९ चिनी अ‍ॅप याच कलमाखाली बंद झाली.

वीजजाळ्याचा प्रश्न मात्र अ‍ॅपबंदीने सुटत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराची वीज गेली, लोकलही थांबल्या. यामागे सायबर घातपात असावा, असा संशय राज्य सरकारने व्यक्त केला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. वीजजाळ्यासारख्या यंत्रणा कलम ७० खाली ‘संरक्षित’ घोषित करता येतात. त्यांत बेकायदा शिरकाव केल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गुन्हेगार परदेशात असला, तरी लक्ष्य भारतातील संगणक असल्यास कलम ७५ मुळे हा कायदा लागू होतो. त्याला पकडून आणणे अर्थातच कठीण.

एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी हल्ल्याची माहिती सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणे बंधनकारक आहे.