परदेशातले दुसरे नाव

शिकायला किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेला चिनी तरुण तिथे डेव्हिड किंवा केविन हे नाव घेतो, तेव्हा त्याने आपली ओळख विकली असे म्हणणारे बरेच भेटतात. चीनचा इतिहास पाहिला तर या आरोपात फारसा दम नाही. माणसाला जन्मभर एकच नाव असावे, असा आग्रह तिथे नव्हताच. जुन्या काळी सुशिक्षित घरातला मुलगा विशीत आला की त्याला लोकव्यवहारासाठी वेगळे नाव मिळे. आईवडिलांनी ठेवलेल्या नावाने बरोबरीच्या माणसाने हाक मारणे उद्धटपणाचे समजत. कवी आणि चित्रकार वर आणखी एखादे नाव स्वतःच घेत. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्-सेन यांना चीनमध्ये सन चोंगशान म्हणतात. हे नाव आले जपानमध्ये परागंदा असताना त्यांनी घेतलेल्या ‘नाकायामा’ या जपानी आडनावातून. तीच अक्षरे चिनीत चोंगशान अशी वाचली जातात. आज चीनच्या कितीतरी शहरांत चोंगशान रस्ता आहे आणि तो कोणाला परका वाटत नाही. उलट दिशेनेही हेच घडले: 1582 मध्ये मकाऊला उतरलेले इटालियन धर्मोपदेशक मात्तेओ रिच्ची चीनमध्ये ली मादौ झाले.

यावर खरा आक्षेप असा, की रिच्चींना पोटासाठी नाव बदलावे लागले नव्हते. अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलोस यांनी टोरांटोतल्या कंपन्यांकडे हजारो बनावट अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव कॅनडातलाच असूनही इंग्रजी नावांना मुलाखतीची बोलावणी चिनी, भारतीय, पाकिस्तानी नावांपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त आली. (त्या यादीत आपणही आहोत.) उमेदवाराने हे ओळखून नाव घेतले तर त्याला दोष देता येत नाही, पण ‘नाव बदला’ हा सल्ला त्याला देणे म्हणजे मालकाची खोड नोकराच्या माथी मारणे. आणि सरकारच असे सांगू लागले तर? इंडोनेशियात 1966 नंतर चिनी वंशाच्या नागरिकांवर इंडोनेशियन नावे घेण्याचा दबाव आला. उद्योगपती लिम सिओ लिओंग सुदोनो सालिम झाले. तिथे नवे नाव जुन्याच्या जोडीला आले नाही, जुन्याला हटवून आले. माझा विरोध आहे तो याला.

राहिला उच्चाराचा मुद्दा. मँडरीनमध्ये चार सूर आहेत आणि पासपोर्टवरच्या रोमन अक्षरांत त्यांतला एकही उरत नाही. तेव्हा ‘मूळ नावच ठेवा’ म्हणणाऱ्यांच्या हाती येते तेही अर्धेच मूळ. तरी ‘जमत नाही’ ही सबब मला पटत नाही. याओ मिंग 2002 मध्ये ह्यूस्टनकडून बास्केटबॉल खेळू लागला आणि अमेरिकी प्रेक्षकांची जीभ आपोआप वळली. दुसरे नाव घ्यायचेच तर ते भौतिकशास्त्रज्ञ यांग यांनी घेतले तसे, आपल्या आवडीने घ्यावे. बेंजामिन फ्रँकलिनचे आत्मचरित्र वाचून त्यांनी ते नाव निवडले, मित्र त्यांना फ्रँक म्हणत. 1957 चे नोबेल मात्र चेन निंग यांग याच नावाने मिळाले. आडनाव तेवढे पाश्चात्त्य रीतीप्रमाणे शेवटी गेले.