श्रेयांक आणि श्रेय



मुलाला घरी शिकवून लवकर महाविद्यालयात पोहोचवावे काय, या प्रश्नावर मला अमेरिकन गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर आठवतात. बालपणीचे त्यांचे बरेचसे शिक्षण वडिलांनी घरीच केले. १९०६ मध्ये, अकराव्या वर्षी, ते टफ्ट्‌स महाविद्यालयात दाखल झाले. १९१३ मध्ये हार्वर्डचे डॉक्टर झाले. परंतु मुलगा सामान्यच, यश आपल्या शिकवणीचे, असे वडिलांनी जाहीरपणे मांडले. ते शल्य वीनर यांनी १९५३ च्या आत्मचरित्रात सांगितले आहे.

आज अमेरिकेत घरी शिकलेली मुले ‘क्लेप’ परीक्षा देऊन महाविद्यालयाचे श्रेयांक आधीच मिळवू शकतात. सोय स्वागतार्ह आहे. मात्र श्रेयांक मुलाच्या नावे जमा होत असताना श्रेय पालकाने स्वतःच्या नावे मांडू नये. शिकवणाऱ्याने वेळीच बाजूला होणे, हीच खरी गुरुदक्षिणा. ती गुरूने शिष्याला द्यायची असते.