तलाव आणि वीतभर पडदा

विद्या गुरुगृहीं जाऊन संपादन करावयाची, ही आपल्याकडील फार जुनी समजूत. पुढें शाळा निघाल्या, महाविद्यालयें निघालीं, तरी विद्यार्थ्यानें शिक्षकापाशीं जावें हा क्रम कांहीं बदलला नाहीं. तो बदलण्यास आधीं टपालानें व मग नभोवाणीनें हातभार लावला. १९४८ सालीं नागपूरचें केंद्र सुरू झालें, आणि बंद खोलींत बसलेल्या वक्त्याचा शब्द दूरच्या खेड्यांतील ओसरीवर ऐकूं येऊं लागला. आतां तर वक्ता दिसतो, फळाही दिसतो, आणि न समजलेलें वाक्य दहा वेळां परत ऐकतां येतें. भारत सरकारच्या 'स्वयम्' ह्या योजनेंतून २०१७ च्या जुलैपासून असे वर्ग चालतात. व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःची स्वतः घ्यावयाची चांचणी व शंकाचर्चा, अशीं त्याचीं चार अंगें आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमानुसार महाविद्यालयास एका सत्रांतील ४० टक्क्यांपर्यंतचे विषय ह्या मार्गानें विद्यार्थ्यांस घेऊं देतां येतात.

गणित किंवा इतिहास वीतभर पडद्यावर शिकतां येईल कीं नाहीं, ह्याविषयीं फारसा वाद नाहीं. वाद आहे तो पर्यावरण-जीवशास्त्राचा. सजीव आणि त्याच्या भोंवतालचें पाणी, माती, हवा, ऊन ह्यांचा परस्परसंबंध हा ज्या विद्येचा विषय, ती विद्या दारें लावून घेऊन कशी शिकावी?

हा प्रश्न पंडितांपुरता नाहीं. १९९१ च्या नोव्हेंबरांत एम. सी. मेहता ह्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें पर्यावरणाचें शिक्षण सर्वांस मिळावें असा आदेश दिला. पुढें अनुदान आयोगानें पदवीच्या सर्व शाखांसाठीं सहा महिन्यांचा पाठ्यक्रम आंखला. त्यांत ५० तासिका. पैकीं ५ प्रत्यक्ष बाहेर जाऊन पाहाण्याच्या. मात्र गुणांच्या वांटणींत ह्या पांच तासिकांना १०० पैकीं २५ गुण दिले. आंखणाऱ्यांस काय मोलाचें वाटत होतें, तें ह्या एका आंकड्यावरून दिसतें. २०२० च्या मार्चांत महामारीमुळें महाविद्यालयें बंद झालीं तेव्हां व्याख्यानें पडद्यावर गेलीं. त्या पांच तासिकांना मात्र जाण्यास जागा नव्हती. ओढा न पाहतां ओढ्याचा अहवाल लिहिण्याची कला पूर्वीही अवगत होती. त्या काळांत तिला राजमार्ग मिळाला, एवढेंच.

आतां नागपूरकडे वळावें. पर्यावरणाची विद्या शिकावयास ह्याहून सोयीचें शहर शोधूनही सांपडणें कठीण. १९५८ सालीं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठीं येथें स्थापन झालेल्या संशोधन संस्थेस १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणतात. शहरांत अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा असे तलाव आहेत. ज्या नाग नदीवरून शहरास नांव मिळालें, ती शहराचें सांडपाणी घेऊन कन्हानच्या वाटेनें वैनगंगेला मिळते व गोसीखुर्दच्या जलाशयांत जाते. म्हणजे येथील मोरींत पडलेला साबण भंडाऱ्याच्या बाजूच्या माशापर्यंत कसा जातो, हें नकाशावर बोट ठेवून दाखवितां येईल.

पण बोट नकाशावर ठेवणें निराळें व पाण्यांत घालणें निराळें. पाण्यांत विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंक्लरची रीत १८८८ ची आहे व अजून चालते. बाटली बुडवून, आंत एकही बुडबुडा राहणार नाहीं अशा बेतानें भरावयाची. मग मॅंगॅनीज सल्फेट व क्षारयुक्त आयोडाइड घालावयाचें. प्राणवायू असेल तर तपकिरी सांका बसतो. नसेल तर तो पांढराच राहतो. नंतर आम्ल घालून मोकळें झालेलें आयोडीन थायोसल्फेटनें मोजतात, आणि पिठुळाच्या योगानें आलेला निळा रंग ज्या थेंबास नाहींसा होतो तो थेंब शेवटचा. हें सर्व पडद्यावर फार सुरेख दिसतें. बुडबुडा राहिला तर उत्तर खोटें येतें, हेंही शिक्षक सांगतो. परंतु बुडबुडा न राहूं देणें ही बोटांची विद्या आहे. ती कानांनीं येत नाहीं. शिवाय हीं द्रव्यें जपून हाताळावयाचीं, म्हणून तेवढा भाग प्रयोगशाळेंतच, जाणत्याच्या नजरेखालीं व्हावा. त्यास पर्याय सुचविणारे लोक सोय पाहतात, विद्या पाहत नाहींत.

इतकें मान्य केलें तरी दुसरी बाजू उरते, आणि तिचा विचार सहसा होत नाहीं. महाविद्यालयाची सहल तलावावर केव्हां जाते? वर्षांतून एकदां, आणि तीही सकाळीं अकराच्या सुमारास. वास्तविक तलावाचा प्राणवायू दिवसभर सारखा नसतो. ऊन असतां पाण्यांतील वनस्पती तो निर्माण करतात. रात्रीं सर्वच जीव तो खर्च करतात. म्हणून तो अगदीं कमी असतो पहांटे, आणि मासे मरावयाचे तर बहुधा त्याच वेळीं मरतात. अकरा वाजतां घेतलेलें माप रोग्याची नाडी ताप उतरल्यावर पाहण्यासारखें आहे. ऋतूचीही तीच गोष्ट. समुद्रसपाटीवर २० अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर सुमारें साडेसात. नागपूरच्या वैशाखांत तलावाची ही तिजोरी मुळांतच लहान झालेली असते, आणि महाविद्यालयें तेव्हां सुटीवर असतात!

घरीं राहून शिकणारा विद्यार्थी ह्या घंटेचा बांधील नाहीं. व्याख्यान तो रात्रीं ऐकूं शकतो व पहांटे फुटाळ्याच्या कांठीं उभा राहूं शकतो. आज, उद्यां, महिन्यानें, त्याच दगडाशीं. अंबाझरीच्या पाण्यावर जलपर्णी पसरते, म्हणजे खालच्या पाण्यास ऊन व वारा दोन्ही पारखे होतात. हा फैलाव आठवड्याआठवड्यास किती सरकला, हें सहलीच्या बसमधून कसें कळणार? २०२३ च्या सप्टेंबरांत २३ तारखेच्या पहांटे अतिवृष्टीनें अंबाझरी ओसंडून नागनदीकांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें, तेव्हां नदी, नाला व तलाव ह्यांचा संबंध नगरवासीयांस एका रात्रींत समजला. त्याआधींच्या दहा पावसाळ्यांच्या नोंदी विद्यार्थ्यांच्या वह्यांत असत्या तर त्यांचें मोल काय झालें असतें!

भाषेची अडचण मात्र खरी आहे. असे बहुतेक वर्ग इंग्रजींत चालतात. गडचिरोलीच्या रानांत वाढलेल्या मुलास ज्या झाडाचें गोंडी नांव, फुलण्याचा महिना व उपयोग ठाऊक असतो, तेंच झाड पडद्यावर लॅटिन नांवानें आलें कीं तो स्वतःस अडाणी समजूं लागतो. तेथें दूरध्वनीचें जाळें विरळ, ही अडचण त्याहून लहान. ती आज ना उद्यां दूर होईल. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांनीं वनवासी लोकांपासून शिकत जन्म घालविला व 'पक्षिकोश' सिद्ध केला. त्यांनीं ज्यांस गुरु मानलें त्यांचीं मुलें ह्या विषयांत मागें पडावीं, हा शिक्षणाचा दोष आहे, मुलांचा नव्हे.

आरंभ करावयास खर्च थोडाच येतो. इटलींतील सेकी नांवाच्या ज्योतिष्यानें १८६५ सालीं पांढरी तबकडी समुद्रांत सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. तलावासाठीं २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी घेऊन तिचे चार भाग आळीपाळीनें काळे-पांढरे रंगवावे, मध्यें दोरी व खालीं वजन बांधावें. दोरीवर दर दहा सेंटिमीटरांवर खूण असावी. सोबत कोणी असल्याशिवाय पाण्यापाशीं जाऊं नये. पाणी खोल असेल अशा घाटावरून, सूर्य पाठीशीं ठेवून, तबकडी दिसेनाशी होईतों सोडावी. मग वर ओढतांना पुन्हां दिसेल तेथली खूण पाहावी. दोहोंची सरासरी, तारीख, वेळ आणि आकाशाची स्थिति वहींत लिहावी.