भार कोणाच्या खांद्यावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अंदाजपत्रक सादर झाले की आपल्या चळवळीत दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. पहिली म्हणजे, 'हे भांडवलदारांचे अंदाजपत्रक आहे' असे पत्रक काढून मोकळे होणे. दुसरी म्हणजे, आकडेमोड हे हिशेबनिसांचे काम, आपले काम मोर्चाचे, असे म्हणून तिकडे पाठ फिरवणे. दोन्हींचा परिणाम एकच होतो. सरकारला अडचणीचा प्रश्न कोणी विचारीत नाही. सार्वजनिक आरोग्याच्या बाबतीत तर हे विशेष घातक ठरते. कारण आरोग्याचा कायदा एका दिवशी संमत होतो, त्याचा खर्च कोणी सोसायचा हे दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या कागदावर ठरते, आणि गरिबाचे नशीब त्या दुसऱ्या कागदावर अवलंबून असते.

हे दोन्ही कागद एकत्र वाचणारा एक विरोधी सभासद आपल्याच प्रांताच्या विधिमंडळात होऊन गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो, अस्पृश्यांचे पुढारी म्हणून ओळखतो. परंतु ते मुळात राजस्वाचे अभ्यासक होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ 1925 साली प्रसिद्ध झाला आणि 1927 च्या फेब्रुवारीत ते मुंबई कायदे कौन्सिलात जाऊन बसले. ते सरकारनियुक्त सदस्य होते, पण आपले मत त्यांनी सरकारच्या दावणीला बांधले नाही. 1937 साली ते स्वतंत्र मजूर पक्षाचे निवडून आलेले नेते म्हणून पुन्हा विरोधी बाकांवर बसले. त्यांच्या त्या काळातील भाषणांतून आपल्याला आज उपयोगी पडतील अशा तीन गोष्टी मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

पहिली गोष्ट कराच्या न्यायाची. 24 फेब्रुवारी 1927 रोजी अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी जमीन महसूल आणि प्राप्तिकर शेजारी शेजारी ठेवले. त्या काळी दोन हजार रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नव्हता. ज्याला त्या वर्षी मिळकत झाली नाही त्याला तो द्यावा लागत नसे. शेतकऱ्याला मात्र पीक येवो वा बुडो, महसूल चुकत नव्हता. एकरभर जमिनीच्या धन्याला आणि शेकडो एकरांच्या मालकाला आकारणीचा दर तोच. देण्याची ऐपत हे कराचे तत्त्व शहरातल्या श्रीमंताला लागू आणि खेड्यातल्या गरिबाला लागू नाही, हा कोणता न्याय, असा त्यांचा प्रश्न होता.

त्याच अधिवेशनात, 12 मार्च रोजी, शिक्षणाच्या मागणीवर बोलताना त्यांनी आणखी एक साधा हिशेब मांडला. सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान दारूतून जेवढे घेता तेवढे तरी लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. मित्रहो, या हिशेबात एकही अवघड सूत्र नाही. जमेच्या बाजूचा एक आकडा आणि खर्चाच्या बाजूचा एक आकडा त्यांनी समोरासमोर उभा केला, एवढेच. अंदाजपत्रक वाचायचे म्हणजे मुख्यतः हेच करायचे असते.

याचा आजच्या काळाशी काय संबंध, असे कोणी विचारील. जून 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले आणि त्यातून वर्षाला सुमारे 14 हजार कोटी रुपयांचे जादा उत्पन्न अपेक्षित असल्याचे जाहीर केले. अशा वाढीचे स्वागत करणारे आपल्यातही असतात. दारू महागली तर पिणारे कमी पितील, आरोग्य सुधारेल, असे त्यांना वाटते. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु एक विसंगती नजरेआड करता येत नाही. पिणे कमी व्हावे म्हणून लावलेला कर जितका यशस्वी होईल तितके त्याचे उत्पन्न घटले पाहिजे. उत्पन्न वाढणार हे गृहीत धरूनच जो कर लावला जातो तो तिजोरीचा कर असतो, आरोग्याचा नव्हे. आणि तो तिजोरीचा कर असेल तर 1927 सालचा प्रश्न विचारावाच लागेल: यातले किती जिल्हा रुग्णालयात पोहोचले, किती प्राथमिक आरोग्य केंद्रात? त्याचे उत्तर मिळाल्यावाचून स्वागत कशाचे करायचे?

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. 28 जुलै 1928 रोजी कौन्सिलापुढे कामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात भत्ता देण्याचे विधेयक होते. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे ते म्हणाले. येथवर कोणताही सहृदय माणूस बोलला असता. पुढचे पाऊल मात्र अर्थशास्त्रज्ञाचे होते. हे जर राष्ट्राचे हित असेल, तर त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी तिथेच स्पष्टपणे मान्य केले. मग मालकावर भार का? कारण मालक स्त्रीला कामावर ठेवतो तो तिच्यावर उपकार करण्यासाठी नव्हे. तिला पुरुषापेक्षा कमी मजुरी देऊन तो अधिक लाभ मिळवतो. ज्याने लाभ घेतला त्याने काही अंशी भारही उचलावा.

1929 साली कायदा झाला. अशा प्रकारचा तो हिंदुस्थानातील पहिलाच प्रांतिक कायदा. रोज 8 आणे या दराने भत्ता ठरला. परंतु तो सगळा मालकाच्या माथी मारला गेला, सरकार नामानिराळे राहिले. यातला धोका उघड आहे. खर्च एकट्या मालकावर आणि तोही स्त्री कामावर असली तरच, असे झाले की स्त्रीला कामावरच न ठेवणे हा त्याचा सोपा उपाय ठरतो. जो कायदा तिच्या संरक्षणासाठी, तोच तिची नोकरी हिरावण्याचे निमित्त होतो.

या पेचातून वाट आहे, आणि ती आपल्या देशाने शोधलेलीही आहे. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले. त्यांचा अहवाल 1944 साली आला आणि त्यातून 1948 चा राज्य कर्मचारी विमा कायदा उभा राहिला. त्यात मालकाची वर्गणी एकूण वेतनावर असते, मग कामगार स्त्री असो वा पुरुष. स्त्रीला वगळून मालकाचा एक पैसाही वाचत नाही. भार वाटला गेला की द्वेषाचे कारणच उरत नाही.

असे असताना 2017 साली आपण काय केले? 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती करून पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली. उत्तम केले. परंतु विमा योजनेच्या बाहेर असलेल्या आस्थापनांत तिचा सगळा भार पुन्हा एकट्या मालकावर ठेवला. आपल्या पक्षांनीही टाळ्या वाजवल्या आणि पैसे कोण देणार हा प्रश्न सोडून दिला. आणि ज्या बायका शेतात राबतात, विड्या वळतात, घरकाम करतात, त्यांना कोणती रजा? त्यांच्यासाठी 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान 6000 रुपयांचा हक्क लिहून दिला. 2017 साली केंद्राने मातृवंदना योजना आणली, तिच्यात पहिल्या बाळंतपणाला 5000 ठेवले आणि उरलेले दुसऱ्या एका योजनेतून भरून निघतील असा हिशेब सांगितला. कायद्याने दिलेला हक्क अंदाजपत्रकाने कसा कातरला जातो याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

तिसरी गोष्ट अग्रक्रमाची. 1937 ते 1939 या काळात मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. अण्णासाहेब लठ्ठे अर्थमंत्री होते आणि आरोग्य व अबकारी ही दोन्ही खाती डॉ. गिल्डर यांच्याकडे होती. 1 ऑगस्ट 1939 पासून मुंबई शहरात दारूबंदी आली. बुडणाऱ्या अबकारीची भरपाई करण्यासाठी शहरी स्थावर मालमत्तेवर नवा कर बसवण्यात आला. दारूबंदीला त्या काळी मोठे नैतिक वलय होते. तिच्यावर टीका करणे म्हणजे दारूची तरफदारी, असे सहज म्हटले जाई. तरीही डॉ. आंबेडकरांनी अंदाजपत्रकावरील भाषणांत टीका केली. दारू चांगली की वाईट हा त्यांचा वाद नव्हता. शिक्षण, दवाखाने, पिण्याचे पाणी यांच्यासाठी पैसा नाही असे सांगणारे सरकार एवढे उत्पन्न कशासाठी सोडते, असा त्यांचा रोख होता. त्याच वृत्तीने त्यांच्या पक्षाने 10 नोव्हेंबर 1938 रोजी संततिनियमनाच्या प्रचाराचा आणि सोयींचा ठराव आणला. सभागृहाने तो फेटाळला. काळाने मात्र तो स्वीकारला.

दारूबंदीबाबत आपल्यात मतभेद आहेत आणि असू देत. समाजवादी चळवळीत दारूबंदीच्या बाजूने आयुष्य वेचलेली माणसे आहेत, नवऱ्याच्या व्यसनाने होरपळलेल्या बायकांचे मोर्चे आपण पाहिले आहेत, त्यांचा आवाज खोटा नाही. माझा मुद्दा पद्धतीचा आहे. चांगल्या हेतूचा कायदा समोर आला तरी त्याची किंमत विचारण्याचे धैर्य विरोधी पक्षात असले पाहिजे. त्याने हेतूचा अपमान होत नाही. उलट किंमत न विचारता केलेले चांगले कायदे कागदावर राहतात आणि चांगुलपणावरचाच लोकांचा विश्वास उडवतात.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे थोडके आहे. यापुढे आरोग्याची कोणतीही घोषणा झाली की तीन प्रश्न विचारा. हा पैसा कोणाच्या खिशातून येणार? तो ज्याच्यावर बसवला तो ते ओझे पुढे कोणाच्या माथी ढकलणार? आणि याच पैशात याहून निकडीचे काय झाले असते? आपल्या तालुक्यातील एका ग्रामीण रुग्णालयासाठी गेल्या वर्षी तरतूद किती होती आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला, एवढे दोन आकडे मिळवून गावच्या सभेत वाचून दाखवा. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज लागतो आणि उत्तर येईपर्यंत चिकाटी लागते.

मोर्चा काढूच नका असे मी म्हणत नाही. पण मोर्चाच्या हातात मागणीच्या फलकाबरोबर हे दोन आकडेही असू द्या. समोरच्या अधिकाऱ्याला घोषणा परतवता येते. स्वतःच्याच दप्तरातला आकडा परतवणे त्याला फार जड जाते.