फायटर मासा आणि पाण्याचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी वर्षातील बालमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत जन्म काढलेला माणूस माशांवर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण आपल्या तिन्ही विंगमध्ये सध्या घरोघरी फायटर मासा आलाय. वाढदिवसाला भेट मिळतो, काचेच्या बरणीत चार दिवस छान दिसतो आणि पंधरा दिवसांत मरतो. मग मोठी माणसं म्हणतात, ‘हे मासे अल्पायुषीच असतात.’ हे खरं नाही. फायटर, म्हणजे बेट्टा, नीट सांभाळला तर दोन-तीन वर्षं सहज जगतो. हा मूळचा थायलंडचा मासा. 2019 साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला.

मागे एका छोट्या मुलीने मला विचारलं, ‘आजोबा, मी रोज सगळं पाणी बदलत होते, स्पंजसुद्धा साबणाने धुतला, तरी कसा मेला?’ तिचा कामचुकारपणा नव्हता. तिला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. म्हणून आज सांगतो.

फायटर पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेतो, म्हणून लोकांना वाटतं त्याला बाटलीही पुरते. पण त्याची विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो त्याचे कल्ले जाळतो. भांडं लहान, तितकं विष लवकर साचतं. निसर्गात हे काम जिवाणू करतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर वस्ती करतात. साबणाने स्पंज धुतला की सगळी वस्ती संपते.

ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून मासा आणण्याआधी टाकी तयार करा. किमान वीस लिटरची टाकी, मंद प्रवाहाचा स्पंज फिल्टर, वर झाकण आणि पाण्याच्या वर थोडी मोकळी जागा. रोज चिमूटभर माशाचं खाद्य टाका. दुकानात थेंबांचा टेस्ट किट मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, चालू टाकीतला थोडा स्पंज मिळाला तर वेळ वाचतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते आपल्याला सुरक्षित, पण जिवाणूंना आणि माशाला घातक. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाका. सोसायटीची टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर टाकतात त्या दिवशी पाणी बदलू नका.

आता कुणी म्हणेल, इथे पाण्याची टंचाई आणि हे काय! वीस लिटरच्या टाकीत आठवड्याला पाच लिटर बदलायचं, म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नाही. काढलेलं पाणी तुळशीला, मोगऱ्याला घाला, खतासारखं काम करतं. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. नवं पाणी टाकीच्या पाण्याइतकंच कोमट असावं. थंडीत पारा उतरला की छोटा हीटर लावा, पाणी 24 ते 28 अंश राहू द्या.

ज्यांच्या घरी मासा आधीच बरणीत आहे त्यांनी घाबरू नये. रोज पाव भाग पाणी बदला, खाणं कमी करा आणि मोठी टाकी आणा. टाकी तयार होईपर्यंत हे थांबवू नका. दोन नर एकत्र ठेवू नका. आणि कंटाळा आला म्हणून मासा वऱ्हाळा तलावात सोडू नका, तो दुसऱ्याला द्या.

आईबाबांना एकच विनंती. लेकराला मासा द्यायचा असेल, तर आधी टाकी द्या. सहा आठवडे वाट बघणं हाही मुलांना देण्यासारखा धडा आहे. मेलेला मासा पाहून मूल गप्प बसतं, ‘माझ्यामुळेच मेला’ म्हणतं. ते टाळणं आपल्या हातात आहे.